दोन आडनावांचा माग : स्पॅनिशभाषक पूर्वज आणि सरकारी नोंदवह्या

मराठी माणसाच्या आडनावात पुष्कळदा एखादे गाव असते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे सात-आठ पिढ्या काढलेल्या घरातही आडनावाच्या शेवटचा ‘कर’ मूळ गावाची आठवण सांभाळून ठेवतो. स्पॅनिशभाषक माणसाच्या नावात मात्र बहुधा गाव सापडत नाही, आई सापडते. त्याच्या नावापुढे दोन आडनावे असतात. पहिले वडिलांकडून आलेले, दुसरे आईकडून आलेले. पूर्वजांचा शोध घेताना हा फरक फार मोलाचा ठरतो. आपल्या नावावरून गाव कळते पण आजीचे माहेर कळत नाही. त्यांच्या नावावरून आजीचे माहेर कळते, पण गाव शोधून काढावे लागते.

हा विषय आपल्या वाचकांसाठी घेण्याचे कारण साधे आहे. आपल्या घरांतील मुले-मुली आज मेक्सिको, स्पेन, चिली, अर्जेंटिना येथील घरांशी सोयरीक करू लागली आहेत. त्यांच्या मुलांना एका बाजूचा कुलवृत्तांत छापील मिळतो आणि दुसऱ्या बाजूचे पान कोरे राहते. मराठी माणसाचा तिकडचा संबंध तसा नवाही नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे कृषिशास्त्रज्ञ, यांनी मेक्सिकोत चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापन केले आणि त्यांचा संसारही त्याच देशात उभा राहिला. त्यांच्या पत्नी जान सिंदिक या मूळच्या बेल्जियमच्या. मेक्सिकोच्या रीतीने त्या घरातील अपत्याच्या नावापुढे ‘खानखोजे सिंदिक’ अशी दोन आडनावे येतात. ही रीत समजली की पुढचा शोध निम्मा सोपा होतो.

प्रथम या नोंदवह्या आल्या कुठून ते पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदीचे नियम घालून दिले, आणि त्या सुमारापासून कॅथलिक देशांत जन्म, लग्न व मृत्यू यांचा हिशेब चर्चच ठेवत आले. जन्माऐवजी बाप्तिस्म्याची नोंद होई, मृत्यूऐवजी दफनाची. एकोणिसाव्या शतकात हा अधिकार शासनाने आपल्याकडे घेतला. मेक्सिकोत बेनितो हुआरेस यांनी व्हेराक्रुझहून कारभार चालवीत असताना २८ जुलै १८५९ रोजी नागरी नोंदणीचा कायदा जारी केला. त्याच्या पाच दिवस आधी नागरी विवाहाचा आणि तीन दिवस नंतर स्मशाने चर्चच्या ताब्यातून काढण्याचा कायदा झाला. चर्च आणि शासन यांच्या यादवीतून या वह्या जन्मल्या, हे शोध घेणाऱ्याने कधी विसरू नये. कायदा झाला तरी लोक लगेच वळले नाहीत. त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. मग फ्रेंचांचे आक्रमण झाले, मॅक्सिमिलियनची बादशाही आली. १८६७ मध्ये ती कोसळल्यावरच देशभर नोंदणीची घडी बसू लागली. त्यानंतरही कित्येक घरांनी मूल चर्चमध्ये नेले, पण कचेरीत नेले नाही.

इतर देशांची सुरुवात वेगवेगळ्या वर्षी झाली. स्पेनचा कायदा १८७० चा. अंमल १ जानेवारी १८७१ पासून. उरुग्वेत १८७९, चिलीत १८८५, क्यूबा व पोर्तो रिको या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतींतही १८८५. कोलंबियात मात्र १९३८ च्या कायद्यापर्यंत चर्चची नोंद हाच मुख्य पुरावा होता. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : आपला माणूस जन्मला तेव्हा त्या देशात सरकारी वही सुरू झाली होती काय? झाली नसेल तर चर्चच्या वह्यांकडे वळावे.

दुसरा प्रश्न गावाचा. या नोंदी देशाच्या एका मोठ्या वहीत नसतात, त्या नगरपालिकेनुसार ठेवलेल्या असतात. नुसते ‘मेक्सिको’ किंवा नुसते ‘आंदालुसिया’ एवढ्यावर काहीच हाती लागत नाही. सान मिगेल, सांता क्रुझ अशी नावे शेकडो गावांना आहेत, तेव्हा गावाबरोबर राज्य किंवा प्रांतही हवा. वाडीवस्तीवर किंवा एखाद्या जमीनदाराच्या शेतवाड्यावर जन्मलेल्या मुलाची नोंद जवळच्या नगरपालिकेत झालेली असते. गावांची नावेही बदलतात. आजचे सिउदाद हुआरेस १८८८ पर्यंत ‘पासो देल नोर्ते’ होते आणि आजचे मोरेलिया १८२८ पर्यंत ‘वायादोलिद’. घरातल्या जुन्या कागदावर जुने नाव असेल तर नकाशात ते सापडणार नाही.

गाव कळण्यासाठी आरंभ घरापासून करावा. पारपत्र, लग्नाचा दाखला, थडग्यावरचा मजकूर, बाप्तिस्म्याच्या आठवणीचे छापील कार्ड, पत्रांवरचे पत्ते, काहीही चालेल. मग ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, म्हणजे नातवाकडून आजोबांकडे. एकदम पणजोबांच्या जन्मनोंदीवर उडी घेणारे बहुतेक जण भलत्याच माणसाला पूर्वज करून बसतात, कारण होसे गार्सिया नावाचे दहा जण एकाच गावात सापडू शकतात.

आता नावाकडे वळू. समजा आजोबांचे नाव होसे लुईस एर्नान्देस गार्सिया. यातले एर्नान्देस हे वडिलांचे आडनाव आणि गार्सिया हे आईचे. परदेशात गेल्यावर तेथील कारकून पुष्कळदा शेवटचा शब्द हेच आडनाव समजतो, आणि एका पिढीत कुटुंबाचे नाव गार्सिया होऊन बसते. म्हणून दोन्ही आडनावांखाली शोध घ्यावा. पुढे लक्षात ठेवावे की होसे आणि मारिया ही नावे इतकी सर्रास पुढे लावली जात की माणूस घरात दुसऱ्याच नावाने ओळखला जाई. लुईस म्हणून आपण ज्याला ओळखतो तो वहीत होसे या अक्षराखाली असू शकतो. मेक्सिकोच्या जुन्या वह्यांतील वार्षिक सूच्या कित्येकदा आडनावाच्या क्रमाने नसतात, पहिल्या नावाच्या क्रमाने असतात. मारियांची यादी पानेच्या पाने चालते.

लेखनाचाही घोळ असतो. स्पॅनिशमध्ये ‘ब’ आणि ‘व’ यांचा उच्चार एकच. ‘एच’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. म्हणून एर्नान्देस हे नाव कधी ‘एच’खाली तर कधी ‘ई’खाली मिळते. हिमेनेस हे आडनाव ‘जे’, ‘जी’ आणि ‘एक्स’ या तिन्ही अक्षरांनी लिहिलेले आढळते. कारकून ऐकू येईल तसे लिहीत असे, आणि सांगणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. गोव्यातील वाचकांना हे नवे वाटणार नाही. पोर्तुगीज कागदांत प्रभूंचे ‘पोरोबो’, कामतांचे ‘कामोतिम’ आणि शेणव्यांचे ‘सिनाय’ झालेले त्यांनी पाहिलेच आहे. मात्र एक भेद ध्यानात असावा. पोर्तुगीज रीतीत आईचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी येते; स्पॅनिश रीत नेमकी उलटी. एकाची सवय दुसऱ्याला लावली तर घराणेच बदलते.

स्त्रीचा शोध मात्र तिकडे आपल्यापेक्षा सुकर आहे. लग्नानंतर तिचे नाव कायद्याने बदलत नाही. नवऱ्याचे आडनाव ‘दे’ लावून पुढे जोडण्याची चाल समाजात होती, पण वहीत ती जन्मापासून मरणापर्यंत आपल्या दोन आडनावांनीच असते. म्हणून आजीला आजोबांच्या आडनावाखाली शोधू नये. तेथे ती मिळणार नाही.

नोंद सापडली की ती नीट वाचावी. जन्मनोंदीचा साचा ठरलेला असतो. अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अधिकाऱ्यासमोर अमुक माणूस हजर झाला, त्याचे वय, धंदा, मूळ गाव, राहण्याचे ठिकाण, त्याने दाखवलेले मूल, मुलाची आई, दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा, शेवटी साक्षीदार. तारखा आकड्यांत नसतात, अक्षरांत लिहिलेल्या असतात. वरची तारीख नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म ‘चालू महिन्याच्या बारा तारखेला’ किंवा ‘गेल्या महिन्याच्या तीस तारखेला’ असा आत कुठेतरी दडलेला असतो, आणि त्यामुळे कुंडलीच चुकावी तसा घोटाळा होतो. नावापुढे ‘फिनादो’ किंवा ‘दिफुन्तो’ असा शब्द असेल तर ती व्यक्ती तेव्हा हयात नव्हती. १८८० च्या नोंदीत आजोबा ‘फिनादो’ असतील तर त्यांचा मृत्यू १८८० च्या आधीच्या पानांत शोधायचा, एवढे त्या एका शब्दाने सांगितले.

समासाकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे झालेले लग्न, घटस्फोट, नावातील दुरुस्ती, वडिलांनी उशिरा दिलेली मान्यता यांच्या टिपणी समासात केलेल्या असतात. एका जन्मनोंदीच्या कडेला माणसाच्या पुढच्या आयुष्याचा पत्ता मिळू शकतो. लग्ननोंदीत वधूवर दोघांच्या आईवडिलांची नावे येतात, म्हणून ती सर्वांत फलदायी. मृत्युनोंद सर्वांत कमी भरवशाची, कारण माहिती देणारा कधी शेजारी असतो, आणि वय तर अंदाजाने पन्नास किंवा साठ असे लिहिलेले असते.

एका शब्दापाशी मात्र वाचकाने थोडे थांबावे. मुलाच्या नोंदीत ‘इहो लेहितिमो’ म्हणजे औरस, किंवा ‘इहो नातुराल’ म्हणजे विवाहबाह्य, असा शेरा असतो. दुसरा शेरा पाहून कित्येक घरे शोधच थांबवतात. काही जण ते पान नातेवाइकांपासून लपवतात. मेक्सिकोतील १८५९ नंतरचा काळ आठवला तर त्याचा अर्थ बदलतो. कायद्याने फक्त नागरी विवाह मानला जाई, आणि हजारो जोडप्यांनी लग्न केले ते केवळ चर्चमध्ये, धर्मगुरूसमोर, गावाच्या साक्षीने. शासनाच्या लेखी ती अविवाहितच राहिली आणि त्यांची मुले ‘नातुराल’ ठरली. त्या एका शब्दात पुष्कळदा बाईच्या वर्तनाचा काही संबंध नसतो. दोन सत्तांच्या भांडणाचा असतो. चर्चची लग्नवही उघडून पाहिल्याशिवाय पणजीविषयी कोणी निवाडा देऊ नये. आणि लग्न खरोखरच झालेले नसेल, तर मूल आईच्या आडनावाने वाढले आणि तेच नाव आपल्यापर्यंत आले, एवढे सत्य मान्य करण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता हे सारे पाहायचे कुठे? मेक्सिकोच्या नागरी वह्यांची फार मोठ्या प्रमाणावर सूक्ष्मचित्रे घेतली गेली आहेत आणि ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर ती खाते उघडून विनामूल्य पाहता येतात. नाव घालून उत्तर मिळाले नाही म्हणजे नोंद नाही, असे समजू नये. पुष्कळ पाने चित्ररूपाने आहेत, पण त्यांची सूची झालेली नाही. तेथे गाव आणि वर्ष निवडून पान-पान उलटावे लागते. स्पेनमध्ये त्या गावच्या नोंदणी कचेरीला किंवा न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अर्ज करताना ‘लितेराल’ म्हणजे संपूर्ण नक्कल मागावी. संक्षिप्त दाखल्यात आजी-आजोबा आणि समासातील टिपणी गळतात.

नोंद मिळालीच नाही तर क्रमाने पुढील गोष्टी तपासाव्या. शेजारच्या नगरपालिकेची वही. मेक्सिकोत या वह्या दोन प्रतींत ठेवत, म्हणून राज्याच्या दप्तरातील दुसरी प्रत. जन्मानंतर वीस-तीस वर्षांनी, लग्नाच्या किंवा नोकरीच्या वेळी केलेली उशिराची नोंद. भावंडांच्या नोंदी, कारण आजी-आजोबा त्यांचेही तेच. आणि शेवटी चर्च. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीत कित्येक गावांची दप्तरे जळाली. तेथे दुसरी प्रत आणि बाप्तिस्म्याची वही हाच आधार उरतो.

या कागदांचे मोल केवळ भावनेचे नाही. स्पेनने २०२२ च्या लोकशाही-स्मृती कायद्याने, आजी किंवा आजोबा मूळचे स्पॅनिश असलेल्यांना ठरावीक मुदतीत नागरिकत्व मागण्याची वाट दिली. ज्यांच्याकडे ती संपूर्ण नक्कल होती त्यांचा अर्ज पुढे गेला. गोव्यातही पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीवर कित्येक कुटुंबांचे पुढचे आयुष्य अवलंबून राहिले आहे, आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने वर्षे गेली आहेत.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा सक्तीचा कायदा १९६९ चा. त्याआधीचा आधार म्हणजे कुलवृत्तांत, इनामाचे कागद आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यांत पुरुषांची साखळी दहा-दहा पिढ्या मिळते. स्त्रियांच्या नावांची मात्र ‘अमुकाची पत्नी’ अशी बोळवण असते, आणि लग्नात नाव बदललेले असल्याने माहेरचा धागा तेथेच तुटतो. पुढच्या वेळी घरातील वंशावळ उतरवून काढाल तेव्हा प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे चार गोष्टी लिहा : जन्माचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव. घरातील वडीलधाऱ्या बायकांना अजून तीन पिढ्यांची माहेरे तोंडपाठ असतात. ती विचारून घेण्याचे काम या वर्षीच करावे.