स्टेशनसमोरचा बाजार आणि माझं चुकलेलं गणित

सिव्हिलला असण्याचा एक तोटा आहे. सुट्टीत घरी गेलं की कोणी ना कोणी नकाशा घेऊन येतं. कोणाला जिना कुठे काढायचा असतो, कोणाला संडासची टाकी. कॉम्प्युटरवाल्यांना लोक प्रिंटर दुरुस्त करायला सांगतात, तसंच हे. आपल्याला अजून बीम धड डिझाइन करता येत नाही हे त्यांना सांगणार कोण?

माझं गाव चिखले. डहाणूहून बोर्डीला जाताना नरपड सोडलं की घोलवडच्या आधी लागतं. समुद्र, सुरूची झाडं आणि चिकूच्या वाड्या. शाळेचं दप्तर सोडून बाकी सगळ्या खरेदीला आम्ही डहाणू रोडला जातो. तिथे स्टेशनजवळ माझ्या काकांचं भाड्याच्या गाळ्यात दुकान आहे. दोर, ताडपत्री, चिकू भरायचे क्रेट, कोयते, पावसाळ्यात छत्र्या आणि प्लास्टिकचं कापड. दुकान म्हणजे काय, शटर उघडल्यावर निम्मा माल बाहेर लटकतो आणि निम्मा आत असतो, मध्ये काका.

मागच्या दिवाळीत काकांनी माझ्यासमोर एक मोठा कागद पसरला. "अगं, तू सिव्हिलला ना? मग हे बघ जरा. मालक म्हणतो जुनी चाळ पाडून नवीन बिल्डिंग करू. सगळ्यांना सह्या मागतोय."

कागदावर काचेची सुंदर बिल्डिंग होती. खाली शोरूम, वर दुकानं, त्याच्यावर फ्लॅट. जुन्या दहाही भाडेकरूंना पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला गाळे, आणि ते आताच्यापेक्षा मोठे. मी आकडेमोड केली आणि ठोकून दिलं, "काका, करा सही. क्षेत्रफळ वाढतंय!"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते खरं. पण दोर घ्यायला कोण जिना चढेल?"

या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. ते शोधताना जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावात असाच एक जुना बाजार आहे आणि तो "डेव्हलप" करायचा कागद आज ना उद्या कोणीतरी आपल्यासमोर पसरणार आहे.

बाजार चालत जातो

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. बाजार इमारतीमुळे होत नाही. माणसं ज्या वाटेने रोज जातात तिथे बाजार बसतो आणि वाट बदलली की तोही उठून चालायला लागतो.

आमचं डहाणूच बघा. मूळ डहाणू गाव खाडीच्या तोंडाशी. तिथे किल्ला आहे, १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. व्यापार होता तो खाडीतल्या गलबतांचा. मग १८६० च्या दशकात मुंबई-बडोदा रेल्वे आली. रूळ समुद्राला चिकटून न टाकता थोडे आतून टाकले, त्यामुळे स्टेशन गावापासून दोन-तीन किलोमीटर पूर्वेला पडलं. त्याचं नावच डहाणू "रोड". पुढे बाजार हळूहळू स्टेशनकडे सरकला. त्यासाठी कोणी सरकारी योजना काढल्याचं ऐकिवात नाही. लोक गाडीने यायला लागले, मग चहावाला आला, मग किराणा, मग कापडवाला. १६ एप्रिल २०१३ ला मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा या बाजाराला आणखी पाय फुटले.

दुसरं उदाहरण पालघरचं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याची कचेरी हवी, म्हणून सिडकोने कोळगावला मोकळ्या जमिनीवर नवीन मुख्यालय बांधलं, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. इमारती देखण्या आहेत. पण पालघर स्टेशनला उतरलेला माणूस तिथे चालत जात नाही, रिक्षा करतो. कचेरीभोवती एक छोटा बाजार नेहमी असतो: झेरॉक्स, स्टॅम्प पेपर, टायपिंग, वडापाव. कचेरी जिथे जाईल तिथे हा सगळा ताफा मागोमाग जातो. सरकारी कचेरी कुठे बांधायची हा निर्णय म्हणूनच बाजाराचाही निर्णय असतो. आपल्याकडे मात्र तो जमीन कुठे मिळते एवढ्यावर होतो.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असावं. पेशवाईत पुण्यात नवीन पेठ वसवताना कौल देत, म्हणजे तिथे येऊन दुकान मांडणाऱ्याला काही वर्षं करात सूट. सवलत थेट दुकानदाराच्या हातात. आज सवलत मिळते ती एफएसआयच्या रूपात, आणि ती जाते बांधणाऱ्याच्या हातात.

एफएसआय म्हणजे काय, आणि माझं कुठे चुकलं

इतर ब्रँचच्या मंडळींसाठी: एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. प्रत्येक गावात तो वेगळा असतो, म्हणून समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ.

समजा भूखंड २५ मीटर रुंद आणि २० मीटर खोल आहे. म्हणजे ५०० चौरस मीटर. एफएसआय १.५ धरला तर ७५० चौरस मीटर बांधता येतील. जुने दहा गाळे, प्रत्येकी १५ चौरस मीटर, म्हणजे १५० झाले. बिल्डर उदारपणे म्हणतो, प्रत्येकाला २० देतो. झाले २०० चौरस मीटर. उरलेले ५५० तो विकणार. त्यातून बांधकामाचा खर्च आणि नफा काढणार. यात गैर काही नाही. नफा नसेल तर बांधेल कोण?

आता खरी मेख. या ७५० चौरस मीटरचा भाव सगळीकडे सारखा नसतो. रस्त्यालगतचा तळमजला सगळ्यात महाग, वर जाल तसं दुकानासाठी स्वस्त. म्हणून बिल्डरच्या दृष्टीने शहाणपण यातच की जुन्या भाडेकरूंना वर न्यायचं आणि तळमजला विकायचा. भाडेकरूला १५ चे २० मिळतात, तोही खूश. कागदावर सगळ्यांचाच फायदा.

पण दुकान चौरस मीटरवर चालत नाही. ते चालतं रस्त्याकडे उघडणाऱ्या दारावर, म्हणजे दर्शनी रुंदीवर. आपल्या भूखंडाची रस्त्याकडची बाजू २५ मीटर. जिना, लिफ्ट आणि गाड्यांच्या वाटेसाठी ५ सोडले की उरली २० मीटर. संपूर्ण भांडण या २० मीटरचं आहे, ७५० चौरस मीटरचं नाहीच! मी क्षेत्रफळाची बेरीज केली आणि दाराची लांबी पाहिलीच नाही. सर्व्हेइंगच्या तासाला असं केलं असतं तर सरांनी पट्टी मारली असती.

त्या २० मीटरमध्ये एक शोरूम बसवली तर रस्त्यावर एक दार उघडतं. दहा दुकानं दोन-दोन मीटर रुंद आणि दहा मीटर खोल केली तर दहा दारं उघडतात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ तेवढंच, २० चौरस मीटर. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी आयुष्यभर रस्त्यावरून चालणारी माणसं मोजली. त्यांचं म्हणणं असं की चालायला मजा येणाऱ्या रस्त्यावर शंभर मीटरला पंधरा-वीस तरी दारं असावीत. आपल्या दहा दुकानांच्या हिशेबाने शंभर मीटरला पन्नास होतात. ज्या बाजाराला आपण "गिचमिड" म्हणून नाकं मुरडतो, तो या बाबतीत कोपनहेगनच्या पुढे आहे.

मग मी मोजलं

काकांच्या प्रश्नाने स्वस्थ बसवेना म्हणून मी दोन दिवस दुकानात स्टुलावर बसले. ट्रॅफिक व्हॉल्यूम काउंट करतो तशी वहीत रेघा मारत. दोन दिवसांच्या मोजणीला सर्व्हे म्हणत नाहीत, त्यामुळे आकडे देत नाही. पण तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या.

एक, फक्त दोर घ्यायला म्हणून कोणीच डहाणूला आलं नव्हतं. कोणी बँकेत आलं होतं, कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टाच्या तारखेला. काकांचं दुकान वाटेत होतं म्हणून खरेदी झाली. दोन, बहुतेकांच्या हातात किंवा डोक्यावर ओझं होतं. गंजाड, आशागड, कासा या बाजूने एसटीने आलेल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन जिना चढतील ही कल्पना फक्त एसी ऑफिसात सुचू शकते. तीन, गर्दी गाडीच्या आणि एसटीच्या वेळेला बांधलेली होती. गाडीला दहा मिनिटं असताना माणूस शोरूमचं काचेचं दार ढकलत नाही. लटकणारी ताडपत्री बोटाने चाचपतो, भाव करतो, घेतो आणि पळतो.

आणखी एक गोष्ट नकाशात अजिबात नव्हती. चाळीच्या पुढच्या पायरीवर भाजी आणि सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बाया. त्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि मग काकांकडे वळतं. नवीन नकाशात त्या जागी "लँडस्केपिंग" लिहिलं होतं.

इतरांनी काय केलं

जुना मध्यवर्ती भाग पुन्हा उभा करायचे प्रयोग सगळीकडे झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने १९६४ मध्ये मुख्य बाजाराच्या फुल्टन रस्त्यावरून मोटारी काढल्या. झाडं, कारंजी, शिल्पं, सगळं केलं. पण वस्ती आणि मोठे मॉल शहराच्या उत्तरेला सरकत राहिले. येण्याचं कारणच गेलं, कारंजी काय करणार? शेवटी २०१७ मध्ये तो रस्ता पुन्हा मोटारींना खुला केला. कोपनहेगनने १९६२ मध्ये हेच स्ट्रॉयेट रस्त्यावर केलं आणि ते टिकलं, कारण त्या रस्त्याच्या आसपास माणसं राहत होती, काम करत होती, रोज येत होती.

मुंबईत गिरणगाव झालं. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली. सार्वजनिक वाटा एकदम आकसला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. मॉल आणि टॉवर झाले, पण गिरणी कामगारांच्या खानावळी आणि त्यांची दुकानं त्यात बसली नाहीत. नियमातला एक शब्द किती महाग पडतो ते यावरून कळतं.

भेंडी बाजारचा प्रयोग वेगळा. तिथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती एकत्र घेतल्या. सुमारे बत्तीसशे कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं. एकेक चाळ वेगळी पाडली असती तर प्रत्येकीच्या तळमजल्यावरून भांडण झालं असतं. सगळा मोहल्ला एकत्र घेतल्यावर रस्त्याकडची लांबीही एकत्र वाटता येते. काम फार लांबलं हे खरं, पण दुकानं सुरुवातीपासून हिशेबात धरलेली होती.

डहाणूला घाई आहे

हे सगळं आत्ताच का? २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. उद्योगांवर मर्यादा आल्या. त्यामुळे आमचा बाजार कारखान्यांच्या पगारावर फारसा वाढला नाही, तो चिकूवर, मासळीवर आणि पाड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर वाढला. आता चित्र बदलतंय. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण २०१६ मध्ये मंजूर झालं. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. बंदराला मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध आहे, तो मोठा आणि स्वतंत्र विषय. पण बंदराच्या नुसत्या बातमीनेही स्टेशनजवळच्या जागेकडे बघण्याची नजर बदलली आहे. काकांच्या मालकाला नेमकी आत्ताच बिल्डिंग का सुचली, ते वेगळं सांगायला नको.

नवीन काहीच नको, असं माझं म्हणणं नाही. चाळीचं छत गळतं, वायरिंग बघून भीती वाटते, मागे संडास एकच. चाळ पडायलाच हवी. प्रश्न फक्त त्याच्या जागी काय उभं राहतं याचा आहे.

शेवटी मी एका कागदावर दुसरा नकाशा काढला. तळमजल्यावर दहा अरुंद दुकानं, प्रत्येकाला दीड मीटर दार आणि मागे लांब खोली. उरलेल्या पाच मीटरमध्ये शोरूमचं रुंद प्रवेशद्वार, शोरूम वर. शोरूमला येणारा माणूस मुद्दाम येतो, तो जिना किंवा लिफ्ट वापरेल. पुढे पायरीच्या जागी दोन मीटरचा झाकलेला ओटा, बायांना बसायला. आणि बांधकाम चालेल तेवढे दिवस जवळच पर्यायी गाळे, तेही लेखी.

काकांनी तो इतर नऊ जणांना दाखवला. त्यांनी मिळून मालकाकडे नेला. मालक ओट्याला तयार नाही आणि दीड मीटरच्या दारावर अजून घासाघीस चालू आहे. सह्या झालेल्या नाहीत. एका दुकानदाराने तर मलाच विचारलं, "पोरी, दीड मीटरच्या दारातून माझं फ्रीज कसं जाईल?" त्याचं बरोबर होतं. त्याच्यासाठी नकाशा पुन्हा काढते आहे.

हॉस्टेलमधल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही पुढच्या सुट्टीत आपल्या गावच्या बाजारात दोन तास बसा. वही घ्या, रेघा मारा. किती दारं उघडतात, कोण कुठून येतं, हातात काय असतं. आणि स्टाफरूममधल्या सरांना, मॅडमना एक विनंती: टाउन प्लॅनिंगच्या टर्मवर्कमध्ये ही मोजणी घालता आली तर बघा ना. फाईल पूर्ण करायला आम्ही तसेही रात्रभर जागतोच.