यंत्राचे अखेरचे शब्द

संगणक सुरू होत असताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी झरझर वर सरकत जातात. लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. या ओळी सहसा कोणी वाचत नाही. यंत्र बंद पडते तेव्हा मात्र तंत्रज्ञाची नजर प्रथम त्यांच्याकडेच वळते. या ओळी लिहिणाऱ्या आज्ञावलीचे नाव आहे ‘प्रिंटके’. तिचे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. तरीही एका मोठ्या प्रकल्पाला जवळजवळ वीस वर्षे तिष्ठत राहावे लागले, त्यात अखेरचा अडथळा हिचाच होता.

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७०च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी ‘सी’ ही संगणकभाषा घडविली. ती शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ‘प्रिंटएफ’ या आज्ञेपासून सुरुवात करतो. या आज्ञेला एक साचा द्यावा लागतो. ज्या ठिकाणी संख्या छापायची तेथे टक्क्याचे चिन्ह व ‘डी’ हे अक्षर, ज्या ठिकाणी मजकूर छापायचा तेथे तेच चिन्ह व ‘एस’ हे अक्षर लिहायचे. आज्ञावली साचा डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि खुणेच्या जागी योग्य तो मजकूर भरते.

संख्या छापणे हेही वाटते तितके सरळ नाही. संगणकाच्या स्मृतीत ३०५ ही संख्या शून्य आणि एक यांच्या रूपात असते. तिचे दशमान अंक मिळविण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा दहाने भागावे लागते. पहिल्या भागाकारात बाकी ५ उरते, दुसऱ्यात ०, तिसऱ्यात ३. अंक असे उलट्या क्रमाने हाती येत असल्याने ते पुन्हा फिरवून मांडावे लागतात. शिवाय पडद्याला अंक कळत नाहीत, अक्षरांचे संकेतांक कळतात. ‘शून्य’ या चिन्हाचा संकेतांक ४८ आहे. म्हणून प्रत्येक अंकात ४८ मिळविले, की छापण्याजोगे अक्षर तयार होते.

दाद कोणाकडे मागायची?

अक्षरे तयार झाल्यावर ‘प्रिंटएफ’ ती स्वतः पडद्यावर लिहीत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला तशी विनंती करते. परंतु कर्नललाच काही सांगायचे असेल तर? त्याच्या खाली केवळ यंत्र असते. सर्वांनी ज्याच्याकडे दाद मागायची, त्याला स्वतःला दाद मागायला जागा नाही. त्यामुळे कर्नलला छपाईची सोय स्वतःची स्वतःच करावी लागते. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवले, तेव्हापासून ‘प्रिंटके’ त्यात आहे. नावातील ‘के’ कर्नलचा.

जुन्या वैयक्तिक संगणकांत ही सोय करणे तुलनेने सुकर होते. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी असत. स्मृतीतील एका ठरावीक पत्त्यापासून प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट राखून ठेवलेले असत. एकात अक्षराचा संकेतांक, दुसऱ्यात त्याचा रंग. एकूण ४,००० बाइटच्या त्या पट्ट्यात योग्य आकडा ठेवला, की अक्षर पडद्यावर उमटे. सर्व्हर आणि लहानसहान उपकरणांना पुष्कळदा पडदाच नसतो. तेथे आजही सीरियल पोर्टच्या तारेतून एकामागून एक अक्षर बाहेर धाडले जाते.

‘प्रिंटके’चा प्रत्येक संदेश प्रथम स्मृतीतील एका वर्तुळाकार साठ्यात जातो. रहाटगाडग्यासारखी त्याची रचना असते. साठा भरला, की सर्वांत जुन्या संदेशाच्या जागी नवा येतो. प्रत्येक संदेशाला ० ते ७ यांपैकी एक श्रेणी असते. शून्य म्हणजे यंत्र निकामी होण्याची वेळ, सात म्हणजे केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा तपशील. कोणत्या श्रेणीपर्यंतचे संदेश पडद्यावर आणायचे, हे ठरविता येते. बाकीचे साठ्यात राहतात आणि ‘डीमेसेज’ या आज्ञेने मागाहून वाचता येतात.

साच्यातील धोका

साचा देण्याची ही पद्धत सोयीची असली, तरी तिच्यात एक धोका दडलेला आहे. साचा नेहमी प्रोग्राम लिहिणाऱ्याचा असावा, बाहेरून आलेला मजकूर साचा म्हणून कधीही वापरू नये, हा नियम पाळला नाही तर परक्या मजकुरातील टक्क्याची चिन्हे आज्ञा ठरतात. जून २०२१ मध्ये याचे ठळक उदाहरण उघडकीस आले. टक्क्याच्या चिन्हांनी भरलेले विचित्र नाव असलेल्या वायफाय जाळ्याला आयफोन जोडला, की त्याची वायफाय सुविधाच बंद पडे. जाळ्याचे नाव साचा म्हणून वाचले जात होते. पुढच्याच महिन्यात ही त्रुटी दूर करण्यात आली.

कर्नलच्या बाबतीत संदेशातून गुपित फुटण्याचीही भीती असते. स्मृतीतील पत्ते छापण्याची सोय दुरुस्तीसाठी आवश्यक, पण तेच पत्ते हल्लेखोराच्या हाती लागले तर त्याचे काम सोपे होते. म्हणून जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तीपासून ‘प्रिंटके’ साध्या खुणेने मागितलेला खरा पत्ता छापत नाही. त्याऐवजी त्यापासून तयार केलेला सांकेतिक आकडा छापते. दोन पत्ते एकच आहेत की नाहीत, एवढे त्यावरून कळते.

तत्परता की वक्तशीरपणा?

खरा पेच मात्र वेळेचा होता. सीरियल पोर्टचा नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट असतो. एका अक्षराला सर्वसाधारणपणे १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. या हिशेबाने ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने हा काळ नगण्य असला, तरी प्रोसेसरच्या दृष्टीने तो युगासारखा. जुन्या पद्धतीत संदेश देणारा प्रोसेसर ओळ संपेपर्यंत तेथेच खोळंबून राही. कधी कधी इतरांचे संदेश छापण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडे.

कारखान्यातील यंत्रमानव किंवा ध्वनिमुद्रणाची उपकरणे यांना हे परवडत नाही. ठरलेल्या क्षणी ठरलेले काम झालेच पाहिजे, अशी हमी त्यांना हवी असते. लिनक्समध्ये ही हमी आणण्याचे काम २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून मुख्य प्रवाहाबाहेर चालू होते.

मग संदेश सावकाश, सवडीने का छापू नयेत? अडचण अशी, की यंत्र कोसळण्याच्या बेतात असेल तर ती सवड कधीच मिळत नाही. संदेश साठ्यात राहतो, यंत्र थिजते आणि बिघाडाचे कारण त्याच्याबरोबरच जाते. संदेश ताबडतोब बाहेर पडलाच पाहिजे, हा आग्रह म्हणूनच अनाठायी नव्हता.

यावर टप्प्याटप्प्याने तोडगा निघाला. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० या आवृत्तीत संदेशसाठ्याची रचना बदलण्यात आली. पूर्वी साठ्याला कुलूप असे. कुलूपधारक प्रोसेसरच मध्येच अडखळला, तर बाकीचे वाट पाहत राहत. नव्या रचनेत कुलपाची गरज उरली नाही. पुढे छपाईचीही विभागणी झाली. नेहमीचे संदेश छापण्याचे काम स्वतंत्र धाग्याकडे सोपवायचे आणि संकट ओढवले, की संकटग्रस्त प्रोसेसरने छपाईचा ताबा स्वतःकडे घेऊन संदेश थेट बाहेर काढायचा, अशी ती व्यवस्था आहे. हा प्रश्न मार्गी लागल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत वक्तशीर लिनक्सला मुख्य प्रवाहात स्थान मिळाले.

अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच कर्नल असतो. म्हणजे ज्यांनी ‘प्रिंटके’चे नावही ऐकलेले नाही, त्यांच्या खिशातही तिची नोंदवही सतत लिहिली जात असते. ती वाचण्याची वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही. मात्र फोन अचानक बंद पडला आणि दुरुस्ती करणाऱ्याने कारण नेमके सांगितले, तर त्याच्या हाती बहुधा याच वहीतील शेवटच्या दोन-चार ओळी लागलेल्या असतात.