फटींचा हिशेब

जानेवारी 2023 मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात ‘21 गन सॅल्यूट’चा जुन्या मोटारींचा दहावा सोहळा भरला. अशा ठिकाणी प्रेक्षक रंग बघतात, दिवे बघतात, बॉनेटवरच्या मूर्तीसोबत फोटो काढतात. मुरलेला परीक्षक गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी वाकतो, एक डोळा मिटतो आणि दरवाजे, मडगार्ड, बॉनेट यांच्यामधल्या फटी एका ओळीत येतात का ते पाहतो. रंग महिन्याभरात नवा चढवता येतो. फटी मात्र डेंटरची सगळी कुंडली सांगतात.

संस्थानिकांच्या गाड्यांचा प्रश्न निराळा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी फक्त चेसीस विकत असे. वरची बॉडी हूपर, बार्कर यांच्यासारखे कोचबिल्डर लाकडी सांगाड्यावर हाताने पत्रा ठोकून बनवत. तिथला प्रत्येक दरवाजा आपापल्या चौकटीसाठीच घडवलेला असल्याने एका गाडीचा दरवाजा दुसऱ्या गाडीला बसेलच असे नाही. बदली भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. तो तिथेच, त्या गाडीला लावून बघत घडवावा लागतो.

मला जास्त रस आहे तो अँबॅसडरमध्ये. ती बडोद्याला परकी नाही. हिंदुस्तान मोटर्सने 1942 मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली ती ओखा बंदरात, आणि ओखामंडल तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते. पुढे कारखाना बंगालात उत्तरपाड्याला गेला. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून आलेली अँबॅसडर तिथे 2014 पर्यंत बनत राहिली. इतकी वर्षे चाललेल्या गाडीचे पत्रे आजही बाजारात सापडतात, आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते. आधीच्या मॉडेलचे मडगार्ड नंतरच्या गाडीवर चढवायला गेलात, किंवा कुणी नकलेवरून ठोकलेले आणलेत, तर बोल्टची भोके जुळतात पण दरवाजाकडची कड दोन मिलिमीटर पुढे येते.

नवशिका इथे मडगार्डलाच कापायला घेतो. जाणता माणूस आधी मागे जातो. मागचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला, तो हलणार नाही. म्हणून मोजमाप तिथून सुरू होते. त्याला धरून मागचा दरवाजा, मागच्या दरवाजाला धरून पुढचा, मग मडगार्ड, मग बॉनेट, आणि शेवटी जाळी व बंपर. मागे राहिलेली चूक ढकलत ढकलत पुढे येते, सगळी बॉनेटपाशी गोळा होते, आणि मालक बॉनेटलाच शिव्या घालतो.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे गाडी उभी कशी आहे. अँबॅसडरला वेगळी चेसीस नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळूनच भार पेलतात. दरवाजाखालची पेटी गंजली म्हणून ती थेट कापली तर बॉडी मधोमध खचते. मग नवी पेटी कितीही सरळ वेल्ड करा, दरवाजा आयुष्यभर घासत राहतो. म्हणून कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी पाइप डाग देऊन बसवतात. अंतिम फटी बघायच्या त्या इंजिन आत असताना, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. घोडीवर टेकवलेल्या रिकाम्या बॉडीत जुळलेली फट रस्त्यावर तशीच राहील याचा भरवसा नाही.

लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती जुनी फियाट तर याहून वस्ताद. तिच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागे, मधल्या खांबावर. मागच्या दरवाजांच्याही तिथेच. खांब केसभर कलला की त्या बाजूचे दोन्ही दरवाजे एकदम रुसतात. 1964 मध्ये फियाटचे ‘डिलाइट’ हे मॉडेल आले तेव्हा पुढचे दरवाजे नेहमीसारखे झाले, आणि डेंटर मंडळींचे एक दुखणे कमी झाले.

बिजागरीखाली पातळ पट्टी सरकवणे, बोल्ट ढिला करून दरवाजा खांद्याने उचलणे, पुन्हा आवळणे, हे काम दिवसभर चालते. कुलपाचा खटका या वेळी काढूनच ठेवायचा. तो असला की दरवाजाला ओढून जागेवर आणतो आणि दोष लपवतो. नवे रबर मात्र लावून बघायचेच, कारण ते जुन्यापेक्षा ताठ असते आणि दरवाजा बाहेर ढकलते. सगळे जुळले की बिजागरी आणि पत्रा यांतून बारीक भोक पाडून ठेवतात. रंगानंतर त्यात खिळा घातला की दरवाजा नेमका त्याच जागी येतो. रंगाच्या थरांसाठी थोडी जागा आधीच सोडावी लागते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कडेचे टवके उडतात.

फट मोठी राहिली तर कडेवर वेल्डिंगचा धातू चढवून कानशीने घासणे हा सरळ मार्ग. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कड वाढवणे हा सोपा. लांबीची कड दरवाजा चार वेळा आपटला की तुटते. बडोद्याच्या उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि त्यावरची जाड लांबी यांचे फार दिवस जमतही नाही.

मला खटकतो तो उलट अतिरेक. कारखान्यातून निघालेल्या अँबॅसडरच्या फटी कधीच एकसारख्या नव्हत्या. आज काही हौशी मालक तिला जर्मन गाडीसारख्या सुतात आणतात. देखणी दिसते, पण ती अँबॅसडर उरत नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आणली, तिथेही अट मूळ रूपाची आहे. बोल्टवरचे मडगार्ड बदलणे वेगळे आणि बॉडीलाच नवा आकार देणे वेगळे.

बंपर शेवटी. त्याची उंची जमिनीपासून मोजू नये. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार आहेत. एका बाजूचा थकला की गाडी त्या अंगाला झुकते आणि सरळ बंपरही वाकडा भासतो. माप घ्यायचे ते बॉडीच्या रेषेपासून, दोन्ही टोकांना. ब्रॅकेट पिळलेले असेल तर ते आधी सरळ करायचे, बंपर नुसता लावून बघायचा, आणि मगच तांबे, निकेल, क्रोम असे थर चढवायला पाठवायचा. पण चकाकी लवकर बघायची घाई असते, म्हणून बंपर बहुधा सगळ्यात आधी प्लेटिंगला जातो. मग वाकड्या ब्रॅकेटवर तो पान्याने ओढून बसवला जातो, क्रोम ताणाने तडकते, आणि सगळे थर उतरवून पुन्हा तांब्यापासून सुरुवात करावी लागते.