लेखकानंच छापलेलं पुस्तक हाती आलं तर…

साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मोठे स्टॉल झाले की मी कोपऱ्यातल्या टेबलांकडे वळते. तिथे बरेचदा लेखक स्वतःच उभा असतो, पुस्तकही स्वखर्चानं छापलेलं.

पहिलं पान मी वाचत नाही, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलंच एखादं उघडते. रहस्यकथा असेल तर तिथे दोन पात्रांचं बोलणं वेगवेगळं ऐकू येतंय का, ते बघते. प्रवासवर्णनात माझ्या पाहण्यातलं गाव शोधते. कविता हळू आवाजात म्हणते. मग श्रेयपान: मुद्रितशोधकाचं नाव दिसलं की भरवसा वाढतो. शुद्धलेखनाच्या चार चुका मी माफ करते, पण सपक संवाद नाही.

किंडलवर २०१६च्या अखेरीस मराठी पुस्तकं आली, तेव्हापासून हे घरबसल्याही जमतं. आधी फुकट नमुना वाचा. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं तर अख्खीच मोफत मिळतात.

मोठ्या प्रकाशकांपलीकडे काय सापडतं? अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह १९७६ साली ‘क्लिअरिंग हाऊस’नं काढला. ती कोलटकरांसह चार कवींनी मिळून उभारलेली प्रकाशनसंस्था होती!

अलीकडे असं कुठलं पुस्तक आवडलं? नाव नक्की सांगा, मी मागवते.