थंडीत टिकणारी बाग : कुंभकोणमहून वेलिंग्टनला

कॅडेट मित्रांनो, फौजी घरात दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधावे लागते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. भांडी, पुस्तके, सायकल असे सारे ट्रकमध्ये चढते. झाडांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी सुचतो. आम्ही तो चुकीचा सोडवला. त्यातून जे शिकलो ते तुमच्या आणि तुमच्या आईवडिलांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आमचे घर कुंभकोणमचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. तेव्हापासून अनेक मराठी घरे कावेरीकाठी रुजली, त्यांतलेच एक आमचे. परसात नागवेल, मोगरा, अबोली आणि कढीपत्ता. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्याकडे त्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्यांचे. ह्यांची बदली निलगिरीतल्या वेलिंग्टन छावणीत झाली, तेव्हा सासूबाईंनी नागवेल, अबोली आणि मोगरा यांच्या कुंड्या हौसेने बरोबर दिल्या. जानेवारीतल्या एका सकाळी अंगणातले गवत पांढरे दिसले. ऊन वर आले तशी नागवेल आणि अबोली शिजवलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोंबू लागली. मोगऱ्याची पाने गेली, पण मार्चमध्ये तो बुंध्यातून पुन्हा फुटला. सासूबाईंना फोन करायला मला दोन दिवस लागले.

आता गणित पाहू. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटरवर, तर वेलिंग्टन सुमारे १,८५० मीटरवर. दर १,००० मीटर चढले की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे फरक सुमारे १२ अंशांचा. कुंभकोणमला जानेवारीत रात्री २१ अंश धरले, तर वेलिंग्टनला ९ अंश यायला हवेत. मग पाणी गोठले कसे?

कारण असे की निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल भागात साचते. त्यामुळे उंचावर लावलेला तापमापक गोठणबिंदूच्या वर असतानाही गवताच्या पात्यावर हिमकण जमू शकतात. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात दव गोठते आणि बाजारपेठेत गोठत नाही, त्याचे कारण हेच. आमच्या कुंड्या अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात होत्या. त्या कट्ट्यावर असत्या तर कदाचित वाचल्याही असत्या.

म्हणून पहिला नियम असा, की आधी रेकी करा, मग लागवड. नव्या घरी पहिल्या हिवाळ्यात झाडे विकत घेऊ नका. पहाटे उठून हिमकण कुठे पडतात, ऊन कुठे आधी येते, वारा कुठून लागतो हे पाहा आणि वहीत नकाशा काढा. एकाच अंगणात दोन-तीन निरनिराळी हवामाने सापडतात.

दुसरा नियम म्हणजे झाड थंडीशी कसे लढते ते ओळखून निवड करा. पाण्याने भरलेली कोवळी पाने गोठली की आतल्या पेशी फुटतात. नागवेलीचे तेच झाले. थंडीतली झाडे तीन युक्त्या वापरतात. काही पाने गाळून झोपी जातात, जसा विस्टेरियाचा वेल. काहींची पाने जाड आणि चिवट असतात, जसे कॅमेलियाचे झुडूप. निलगिरीच्या उंच माथ्यांवर आपसूक वाढणारा लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉनही याच गटातला. काही झाडे आपला साठा जमिनीखाली कंदात किंवा जाड मुळांत ठेवतात. आयरिस, डे लिली आणि अ‍ॅगापँथस ही अशी बहुवर्षायू झाडे. त्यांचा वरचा भाग करपला तरी खालून नवा फुटवा येतो.

झुडपांत सुरुवातीला हायड्रेंजिया आणि गुलाब घ्यावेत. निलगिरीची माती आम्लधर्मी असल्यामुळे हायड्रेंजियाची फुले तिथे निळी येतात. अल्कधर्मी मातीत तीच गुलाबी होतात. वेलांत हनीसकल सोपा. मात्र वेल लावण्याआधी आधार पक्का करा. आमच्याकडे पानमळ्यात आधी हादगा लावतात आणि तो वाढला की त्यावर नागवेल चढवतात. हा क्रम थंड प्रदेशातही मोडू नये.

तिसरा नियम काळजीचा. पावसाळा सरला की नत्रयुक्त खत आणि छाटणी बंद करा, नाहीतर ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी पालवी फुटते. हिमकणांची शक्यता असेल त्या दिवशी दुपारी मातीला पाणी द्या, कारण ओली माती उष्णता जास्त साठवते. बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा थर द्या. संध्याकाळी कापड किंवा गोणपाट टाका आणि सकाळी काढा. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका. नाजूक कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीशी ठेवा. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. करपलेल्या फांद्या लगेच कापू नका. त्या खालच्या डोळ्यांना आडोसा देतात, म्हणून थंडी संपल्यावरच छाटा.

एक इशाराही द्यायला हवा. चिवट झाड म्हणजे चांगले झाड, असे नाही. इंग्रजांच्या काळात निलगिरीत आणलेली गॉर्स आणि स्कॉच ब्रूम ही पिवळ्या फुलांची झुडपे इतकी टिकली की तिथल्या मूळच्या गवताळ रानांवर पसरली. आपल्या सह्याद्रीत घाणेरीने तेच केले. त्यामुळे रोप घेताना ‘हे टिकेल का?’ या प्रश्नासोबत ‘हे आवरेल का?’ हेही विचारा.

पुढे तुमच्यापैकी कोणी लेहला जाईल. तिथे सुमारे ३,५०० मीटरवर हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि तरीही सी-बकथॉर्नचे काटेरी झुडूप तग धरते. त्याची मुळे सैल माती धरून ठेवतात आणि तिला नत्रही पुरवतात. तिथे नागवेल नेण्याचा हट्ट कोणी करू नये. झाड मुळात कणखर किंवा नाजूक नसते, ते त्या जागेचे असते किंवा नसते.

वेलिंग्टनहून निघताना आम्ही एकही कुंडी उचलली नाही. दोन वर्षांपूर्वी लावलेला विस्टेरिया अजून फुलला नव्हता. त्याला वेळ लागतो. क्वार्टरचा चार्ज देताना पंखे आणि दिवे मोजून झाले, तेव्हा नव्या घरच्या ताईंच्या हाती मी हिमकणांचा तो नकाशा दिला. वेलाचा पहिला बहर त्यांनी पाहिला आणि फोटो पाठवला. कुंभकोणमला तो पाहून सासूबाईंनी एवढेच विचारले, “आधार नीट बांधलाय ना?”