सरहद्दीवरील एक शेतकरी

अब्राहम लिंकन यांचें चरित्र आपल्याकडे शाळकरी मुलांनाही थोडेंबहुत ठाऊक असतें. त्यांच्या वडिलांचें नांव मात्र क्वचित् कोणी सांगेल. थॉमस लिंकन हा धंद्यानें शेतकरी, जोडीला सुतार, आणि विद्येनें जवळजवळ निरक्षर. सही तेवढी कशीबशी करी. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर जीं सहस्रावधि कुटुंबें रान तोडून शेती करावयास गेलीं, त्यांचा संसार कसा होता हें या एका घरावरून कळतें.

इ. स. १७८६ मध्यें केंटकींत थॉमसचा बाप शेतांत काम करीत असतां मूळच्या रहिवाशांच्या हल्ल्यांत ठार झाला. आठ वर्षांचा थॉमस प्रेताजवळच होता. थोरल्या भावानें बंदूक चालविली म्हणून तो वांचला. ती भूमि रिकामी नव्हतीच. तिचे धनी होते, आणि त्यांना हटवून गोरे तेथें वसत होते, हें विसरून चालणार नाहीं. पुढें बापाची मिळकत थोरल्या भावाकडे गेली व थॉमसच्या वांट्याला मजुरी आली.

मजुरी व सुतारकाम करून त्यानें केंटकींत एकामागून एक तीन शेतें केलीं, पण एकही निर्वेध लाभलें नाहीं. तेथील मोजणी म्हणजे अमक्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत. झाड पडलें कीं हद्द गेली, आणि एकाच जमिनीवर दोघांतिघांचे दावे निघत. हद्दीच्या तंट्याची कटकट आपल्याकडे कोणास सांगावयास नको! शेवटीं १८१६ च्या डिसेंबरांत बायको नॅन्सी, मुलगी सारा व सात वर्षांचा अब्राहम यांना घेऊन तो ओहायो नदी उतरून इंडियानांत गेला. केंटकींतील गुलामगिरी हेंही एक कारण होतें, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचें, असें मुलानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. इंडियानांत सरकारनें जमिनीची चौकोनी आंखणी केलेली होती. भाव एकरीं दोन डॉलर. थॉमसनें १६० एकर धरले आणि चौथाईचे ८० डॉलर १८१७ सालीं दोन हप्त्यांनीं भरले. बाकीची रक्कम जमेना. तेव्हां १८२७ मध्यें अर्धी जमीन सोडून देऊन उरलेल्या ८० एकरांचा तो पुरा मालक झाला.

प्रारंभींचा निवारा काय, तर तीन बाजूंनीं ओंडके रचलेलें छप्पर. चौथी बाजू उघडी, व तिच्यापुढें रात्रंदिवस जाळ. आठव्या वर्षीं अब्राहमच्या हातीं कुऱ्हाड आली, ती तेविसाव्या वर्षापर्यंत क्वचितच सुटली. अशा रानांत मोठ्या झाडांच्या बुंध्याची साल सभोंवार काढून तीं उभींच वाळवीत आणि मधल्या जागेंत मका लावीत. सूत, कापड, साबण हें सारें घरच्या बाईच्या हातचें.

ती बाई गेली म्हणजे काय होतें हें १८१८ च्या शरदांत दिसलें. उन्हाळा सरतां सरतां गवत वाळलें कीं गाई रानांत शिरून पांढऱ्या फुलांची एक वनस्पति खात. तिचें विष दुधांत उतरे. ज्या दुधावर मुलें वाढावयाचीं तेंच जीव घेई! या ‘दूध-रोगा’चें मूळ त्या लोकांना उमगलें नव्हतें, त्यांतील विषद्रव्य शास्त्रज्ञांनीं १९२८ मध्यें वेगळें काढलें. ५ ऑक्टोबर रोजीं नॅन्सी चौतिसाव्या वर्षीं वारली. जवळ ना सासू, ना जाऊ. शवपेटी थॉमसनेंच केली, आणि अकरा वर्षांची सारा चुलीपुढें बसली.

वर्षभरानें थॉमस केंटकीस गेला आणि सारा बुश जॉन्स्टन या विधवेशीं लग्न करून तिला तिच्या तीन मुलांसह घेऊन आला. सावत्र आई म्हटली कीं आपल्या कहाण्यांत ती दुष्टच असावयाची. येथें उलट घडलें. तिनें नवऱ्याकडून घराला लांकडी तळ करवून घेतला, मुलांना धड अंथरूण दिलें, आणि अब्राहमच्या वाचनाची पाठराखण केली. त्याची शाळा सर्व मिळून एक वर्षही भरली नाहीं. शिक्षकीच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हें वाचतांना थोडें ओशाळल्यासारखें होतें.

बापलेकांत मात्र स्नेह राहिला नाहीं. मुलाला दुसऱ्याकडे कामाला लावून मजुरी बाप घेई. तो काळच तसा होता, तरी मुलाच्या मनांत तें सललें असावें. १८३० सालीं कुटुंब इलिनॉयला गेलें. १८५१ मध्यें थॉमस वारला, त्या वेळीं वकील झालेला मुलगा अंत्यविधीस गेला नाहीं. पण १८६१ च्या आरंभीं, अध्यक्षपदासाठीं राजधानीस निघण्यापूर्वीं, तो हिवाळ्यांतून प्रवास करून सावत्र आईला भेटावयास गेला, आणि त्याच फेरींत बापाच्या थडग्यापाशींही जाऊन आला.