गर्दीचे गणित

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली रेल्वे स्थानकातील चेंगराचेंगरीत १८ जणांचे प्राण गेले. कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीवर दोष ढकलणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. एका चौरस मीटरमध्ये ७ माणसे दाटली की कोणाचेही पाऊल त्याच्या स्वाधीन राहत नाही, हे जॉन फ्रुइन यांनी कधीच दाखवून दिले आहे. जिन्यांची रुंदी, गाड्यांच्या वेळा आणि विकलेली तिकिटे ठाऊक असतील, तर अशी कोंडी संगणकावर आधीच पाहता येते. दुर्घटनेनंतर ६० स्थानकांत कायमस्वरूपी प्रतीक्षा क्षेत्रे उभारण्याचे आणि क्षमतेनुसारच तिकीटविक्रीचा अधिकार स्थानक संचालकांना देण्याचे ठरले. परंतु प्रत्येक फलाटाची व जिन्याची क्षमता आधी मोजलेली नसेल, तर हा अधिकार कागदावरच राहील.